मधलं माप

व्हर्लीन स्टिडम गुरुवारी आली, दुकान उघडायच्या आधीच.
पायरीवर बसून होती, मांडीवर पर्स.
शाळेची बस चालवायची तेव्हा
शेवटचं पोर दारात शिरेपर्यंत अशीच बसायची, इंजिन चालू ठेवून.
मीही उतरलोय त्या बसमधून, केंटकीतल्या याच डोंगरात,
नाकाला शेंबूड, हातात डबा.

'मधलं काहीतरी दाखव, डेल,' म्हणाली.
'फार मोठं नको. अगदी खेळण्यासारखंही नको.'
बूट घ्यायला आल्यासारखी.

मी काचेवर हिरवी चटई अंथरली.
आधी अडतीसचं रिव्हॉल्वर. पाच गोळ्यांचं, साधं,
बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही.
पण तिची तर्जनी आल्याच्या कुडीसारखी वळलेली.
चाप अर्ध्यावर येऊन थांबला
आणि ती ओशाळं हसली.

मग नऊ एमएम.
स्लाइड मागे यायला तयार नाही.
ओढू नकोस, मी म्हणालो, वरून घट्ट धर
आणि खालचं पिस्तूल पुढे ढकल.
ढकललं. अडकलं. पुन्हा.
'एकतीस वर्षं स्टिअरिंग,' म्हणाली,
'सगळा जोर तिथंच खर्च झाला.'

तिसरं, तीनशे ऐंशी.
आखूड काडतूस, मऊ स्प्रिंग.
खट्कन मागे आलं
आणि तिच्या चेहऱ्यावर
लोणच्याची बरणी एकटीनं उघडल्याचा आनंद.
'यात गोळ्या किती?'
सहा.
'माझ्या बाटलीत नव्वद असायच्या,' ती म्हणाली,
'महिन्याच्या.'

मला तेव्हाच कळायला हवं होतं.
पण मी सुरू झालो, सगळ्यांपुढे सुरू होतो तसा :
धक्का किती, आवाज किती,
गोळी भिंत ओलांडते का, भिंतीपलीकडे कोण झोपतं.
तिनं ऐकून घेतलं. मग डॉक्टरला विचारावं तसं विचारलं,
'यानं माणूस थांबतो ना?'
थांबतो. बहुतेक वेळा.
'आणि उरतो?'

तेवीस वर्षांत
या काउंटरवर हे कुणी विचारलं नव्हतं.

मी चटईवरची धूळ झटकली. धूळ नव्हती.
तिनं हात कमरेइतका उचलून हवेत धरला :
'एवढा होता तेव्हा अंधाराला भ्यायचा.
आता अंधारातच येतो. कपाटं उपसतो.
मार्चमध्ये मला फ्रिजवर ढकललं त्यानं,
आणि मग बर्फही आणून दिला, टॉवेलात गुंडाळून.'

कुलूप बदल, मी म्हणालो.
'आणि थंडीत तो कुठं जाईल?'

तेव्हा खरं ते सांगितलं.
असं माप नसतं, व्हर्लीन.
लहान गोळीनंही माणूस जातो, मोठीतूनही वाचतो.
काडतुसं बनवणारे रुंदी मोजतात, वजन मोजतात.
आईच्या बेताचं काडतूस अजून कुणी काढलेलं नाही.

ती बराच वेळ पिस्तुलाकडे बघत राहिली.
बाहेर लाकडाचा ट्रक चढ चढत गेला,
काच थरथरली.
मग पर्समधून चाळीस डॉलर काढले, घडी घातलेले.
'हप्त्यानं देशील?'

फॉर्म शेवटच्या हप्त्याला भरायचा, असं ठरलं.
पिस्तूल माझ्या तिजोरीत आहे, तिच्या नावाची चिठ्ठी बांधून.
दर शुक्रवारी येते. दहा देते, कधी पाच.
एकदा हातात घेते, स्लाइड ओढून बघते,
जमतंय अजून, म्हणते, आणि परत ठेवते.
कोडीबद्दल मी विचारत नाही.
तिच्या मनगटाकडे मात्र बघतो, बाही वर सरकली की.

परवा हिशेब केला तर पैसे केव्हाच फिटलेले.
वहीत मी बाकी साठ लिहिली.
मापात पाप, दुसरं काय.
तिनं चष्मा लावून आकडा वाचला, ओठांत बेरीज केली,
आयुष्यभर पोरं मोजून घरी पोचवणारी बाई,
चूक तिला दिसली नसेल असं होणार नाही.
'साठ,' म्हणाली. 'बरं.'
आणि पाच काढून ठेवले.